शेगडी पेटविण्यापूर्वी

अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्याकडून पाथर्डीच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर भिंगार येते. एकीकडे लष्कराची छावणी, दुसरीकडे जुनी पेठ. एकमेकांना खेटून उभी असलेली घरे, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. व्यापारी कुटुंबांचा दिवस येथे लवकर उजाडतो. दुकानाचे शटर वर जाण्याआधी माडीवरच्या स्वयंपाकघरात पाण्याचे तपेले चढलेले असते, दूध तापत असते आणि घरातील वडीलधाऱ्यांची नवकारसी केव्हा होते याकडे सुनेचे लक्ष असते.

अशा घरांतील जुन्या पिढीच्या स्त्रियांना एक सवय होती, आणि काही घरांत ती आजही टिकून आहे. चूल असो, स्टोव्ह असो वा शेगडी, पेटविण्यापूर्वी त्या वाकून पाहत. हाती लहानशी मऊ पुंजणी असे. ती बर्नरभोवती, शेगडीखाली, ओट्याच्या कोपऱ्यात हलकेच फिरवीत. एखादी मुंगी, एखादा किडा उबेला येऊन बसला असेल तर त्याला अलगद बाजूला करीत आणि मगच काडी ओढीत. शास्त्राच्या भाषेत ही जयणा. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात चालण्या-बसण्यापासून खाण्या-बोलण्यापर्यंतच्या प्रत्येक क्रियेला या सावधपणाची जोड दिली आहे. षट्कायांत अग्निकायाचीही गणना असल्याने अग्नी पेटविणे ही जैन घरात कधीच बेफिकिरीने करावयाची गोष्ट नव्हती.

पुढे चूल गेली, रॉकेलचा स्टोव्ह गेला, गॅस आला. मुंबईत १९५५ साली बर्मा शेल कंपनीने घरगुती गॅसची विक्री सुरू केली; त्यानंतरच्या काही दशकांत तो गावोगावच्या ओट्यांवर पोहोचला. धूर गेला, काजळी गेली, स्त्रियांच्या डोळ्यांचे पाणी खळले. पण त्याबरोबर वाकून पाहण्याचा तो क्षणही बऱ्याच घरांतून नाहीसा झाला. लायटरचा एक खटका आणि ज्योत हजर, इतके काम सोपे झाले. वस्तुतः त्या क्षणाची गरज चुलीपेक्षा गॅसला अधिक आहे. लाकूड पेटविल्याशिवाय कोणाला इजा करीत नाही. गॅस मात्र पेटविण्याआधीच घरात पसरलेला असू शकतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

जमिनीलगत साचणारा वायू

घरगुती टाकीत प्रामुख्याने ब्युटेन आणि प्रोपेन या दोन वायूंचे मिश्रण दाबाखाली द्रवरूपात भरलेले असते. द्रव बाहेर पडून वायू झाला की त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पट होते. एक वाटीभर द्रवाचा वायू एका मोठ्या पिंपात मावतो, असे म्हटले तरी चालेल.

या वायूचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे तो हवेपेक्षा जड आहे. सुमारे दीड ते दोन पट जड. त्यामुळे गळती झाली तर तो धुरासारखा छताकडे जात नाही. पाणी सांडावे तसा तो खाली उतरतो, ओट्याखाली, कपाटामागे, मोरीच्या खळग्यात साचतो आणि जमिनीलगत सरकत दुसऱ्या खोलीत जातो. उभ्या माणसाच्या नाकाला वास मंद वाटत असतानाच पायांपाशी तो दाट असू शकतो. स्वयंपाकघरातील वरची खिडकी किंवा धुराडे गॅस बाहेर घालविण्यास पुरेसे पडत नाही ते याच कारणाने. दार उघडावे लागते, जमिनीलगतची हवा वाहती करावी लागते. पुंजणीसाठी वाकणारी आजी नकळत योग्य ठिकाणीच पाहत होती. जेथे नळाने येणारा नैसर्गिक वायू वापरतात तेथे मात्र गोष्ट उलटी असते. तो वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो.

या वायूंना स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येतो तो उग्र, कुजकट वास मुद्दाम मिसळलेला असतो. एथिल मरकॅप्टन नावाचे द्रव्य त्यासाठी अगदी अल्प प्रमाणात घालतात. ज्वालाग्राही वायूला वास देण्याची ही दक्षता जगाने फार मोठी किंमत मोजून शिकली. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील न्यू लंडन या गावी १८ मार्च १९३७ रोजी शाळेच्या इमारतीखालील पोकळीत नैसर्गिक वायू साचला होता. वास नसल्याने कोणाला त्याचा पत्ता लागला नाही. कार्यशाळेतील एका विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि सारी शाळा कोसळली. सुमारे तीनशे जण दगावले, त्यांत बहुतेक विद्यार्थी होते. त्यानंतर वायूला वास देणे सक्तीचे करण्यात आले. गॅसचा वास ही म्हणूनच कटकट नसून हाक आहे. ती ऐकूनही ‘टाकी बदलली की थोडा वास येतोच’ असे म्हणून दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

त्या हाकेलाही मर्यादा आहेत. सर्दी झालेल्या माणसाला वास येत नाही. वाढत्या वयाबरोबर घ्राणशक्ती मंदावते. शिवाय एकाच वासात काही वेळ राहिले की नाक त्याला सरावते. घरातील कोणाला ‘मघाशी वास येत होता, आता येत नाही’ असे वाटले, तर गळती थांबली असे मानू नये. बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारावे.

एका रात्रीचा हिशेब

व्यापाऱ्याच्या घरात हिशेबाची भाषा लवकर समजते. तेव्हा हाही हिशेब मांडून पाहावा. हवेत या वायूचे प्रमाण साधारणतः २ ते ९ टक्के झाले की मिश्रण ठिणगीने पेट घेते. दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच असे स्वयंपाकघर घेतले तर त्यात सुमारे साडेबावीस घनमीटर हवा मावते. तिच्या २ टक्के म्हणजे सुमारे साडेचारशे लिटर वायू. त्याचे वजन भरते अवघे एक किलो. भरलेल्या घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो.

मोठा बर्नर पूर्ण उघडा राहिला आणि ज्योत नसेल, तर तासाला साधारण दीड-दोनशे ग्रॅम गॅस बाहेर पडतो. रात्री दहाला दूध उतू जाऊन ज्योत विझली, बटण तसेच राहिले, थंडीमुळे दारे-खिडक्या बंद होत्या, तर पहाटे पाचपर्यंत सव्वा किलोच्या आसपास गॅस त्या खोलीत उतरलेला असेल. तो जमिनीलगत साचतो, म्हणून सारी खोली भरण्याची वाटही पाहावी लागत नाही. त्याहून कितीतरी कमी गॅस खालच्या थरात पेट घेण्याजोगा होतो.

अशा खोलीत पहाटे पहिला येणारा माणूस काय करतो? दिवा लावतो. विजेचे बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते. बंद करतानाही पडते. फ्रीज तर कोणाच्याही हाताशिवाय आपोआप चालू होतो. म्हणजे काडी ओढण्याचीही गरज उरत नाही.

या हिशेबातून दोन नियम निघतात. रात्री शेवटचे भांडे उतरले की टाकीचा रेग्युलेटर बंद करावा आणि मग शेगडीची बटणे एकेक करून हाताने तपासावीत. सकाळी स्वयंपाकघराचे दार उघडले की बटणाकडे हात नेण्यापूर्वी उंबऱ्यावर क्षणभर थांबावे, थोडे वाकून वास घ्यावा, दार-खिडकी उघडावी आणि नंतरच दिवा लावावा. यास पैसा लागत नाही. अर्धे मिनिट लागते.

वर बिऱ्हाड, खाली दुकान

जुन्या पेठेतील घरांना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. गॅस जड असल्याने माडीवरून जिन्याच्या वाटेने तो खाली उतरू शकतो. वर गळती झाली आणि रात्रभर जिन्याचे दार उघडे राहिले, तर वास वर कमी आणि खाली दुकानात जास्त, असे घडणे शक्य आहे. सकाळी शटर उघडून दिव्याचे बटण दाबणाऱ्या मुलाला वरच्या मजल्यावरील शेगडीची आठवणही येणार नाही. म्हणून दुकान उघडतानाही आधी शटर पूर्ण वर घ्यावे, हवा खेळू द्यावी आणि मग वीज सुरू करावी. टाकी तळघरात, जिन्याखालच्या बंद कोनाड्यात किंवा जमिनीखालच्या खोलीत कधीही ठेवू नये. तेथे उतरलेला गॅस बाहेर पडण्यास वाटच नसते.

धान्य-किराण्याच्या घरात उंदीर असतात आणि रबरी नळी त्यांना आवडते. जैन घरात उंदीर मारण्याचा प्रश्न येत नाही. नळीच कुरतडता येणार नाही अशी घ्यावी. आत तारेची जाळी असलेली नारिंगी रंगाची ‘सुरक्षा’ नळी यासाठीच आहे. तीवर आयएसआय चिन्ह आणि उत्पादनाचे वर्ष छापलेले असते. पाच वर्षे झाली की ती वरून धडधाकट दिसली तरी बदलावी. नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी, मध्ये जोड नसावा, ती शेगडीच्या मागून तापत जाऊ नये. स्वच्छतेसाठी तिला कापड किंवा प्लास्टिक गुंडाळण्याची पद्धत चुकीची आहे. त्याखाली पडलेली चीर दिसत नाही.

टाकी घरात आली की ती आणणाऱ्याला घाईने निरोप देऊ नये. सील पाहावे. वजनाची शंका आल्यास त्याच्याकडील काट्यावर वजन करून घ्यावे. टाकीवर रिकामे वजन लिहिलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवावेत. झाकण काढून तोंडातील रबरी वलय जागेवर आहे ना आणि वास येत नाही ना, हे त्याच्याकडूनच तपासून घ्यावे. मुठीखालच्या पट्टीवर आतील बाजूस एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे आकडे असतात. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, ‘सी’ म्हणजे जुलै ते सप्टेंबर, ‘डी’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘डी २७’ असे असेल तर २०२७ च्या डिसेंबरपर्यंत त्या टाकीची पुढील चाचणी व्हावयाची आहे. ती मुदत उलटून गेलेली टाकी घेऊ नये. दुकानात माल घेताना तारीख पाहणारा माणूस घरातील टाकीची तारीख मात्र क्वचितच पाहतो.

टाकी नेहमी उभी ठेवावी. गॅस संपत आला की ती आडवी करून किंवा गरम पाण्याच्या परातीत ठेवून शेवटचा अंश मिळविण्याची रीत अनेक घरांत आहे. नगरकडच्या थंडीत तर ती हमखास दिसते. टाकी आडवी झाली की वायूऐवजी द्रव नळीत उतरतो आणि ज्योत एकाएकी भडकते. पाव किलो गॅसच्या बचतीसाठी पत्करावा असा हा धोका नव्हे. शेगडी मात्र टाकीच्या पातळीपेक्षा उंच, ओट्यावरच असावी. गळतीची शंका आल्यास जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणे म्हणजे संकटाला स्वतःहून बोलावणे होय.

पाण्याचे तपेले आणि पारण्याची गडबड

जैन स्वयंपाकघराचे काही प्रसंग खास त्याचेच असतात. उकळलेल्या पाण्याचे मोठे तपेले रोज चढते. पर्युषणात आणि आयंबिलाच्या दिवसांत ते दुप्पट होते. भांडे बर्नरपेक्षा फार रुंद असेल तर त्याखालची आच बाजूला पसरून शेगडीची बटणे आणि नळीचे टोक तापविते. पाणी काठोकाठ भरले असेल तर उकळताना सांडून ज्योत विझते, आणि पाणी उकळतच आहे असे समजून घरातील माणसे दुसऱ्या खोलीत सामायिकात बसलेली असतात. तपेले चतुर्थांश रिकामे ठेवावे आणि पाणी उकळेपर्यंत कोणीतरी जवळ असावे. सामायिकाला बसण्यापूर्वी शेगडी बंद करण्याचा नेम घरातील सर्वांनी पाळावा.

चौविहाराच्या घरात सूर्यास्तापूर्वी स्वयंपाक आटोपण्याची घाई असते. दुकानातून माणसे येतात, तव्यावर पोळी, बाजूला कढईत तेल, मागे कुकर. अशा वेळी नायलॉनची साडी किंवा लोंबता पदर नसावा. सुती वस्त्र अंगाला चिकटून वितळत नाही. कढईतील तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी मुळीच ओतू नये. पाण्याची वाफ होताना जळते तेल चहूकडे उडते. गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवावे आणि ती थंड होईपर्यंत हलवू नये.

पारणे, साखरपुडा किंवा स्वामिवात्सल्य घरीच असेल तर मोठ्या स्वयंपाकासाठी १९ किलोची व्यावसायिक टाकी मोकळ्या जागेत वापरावी. घरगुती टाकी व्यवसायाला लावणे कायद्याने मना आहे. एका टाकीतून दुसरीत गॅस भरून घेणे तर त्याहून घातक.

निळी ज्योत

चांगली ज्योत निळी आणि स्थिर असते. ती पिवळी होऊन भांड्याचे बूड काळे पडू लागले तर गॅस पुरता जळत नाही असे समजावे. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला वास नसतो. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. माणसाला डोके जड वाटते, झोप येते आणि तो उठतच नाही. बर्नरची छिद्रे साफ ठेवणे आणि स्वयंपाक चालू असताना खिडकी उघडी ठेवणे हा त्यावरील साधा उपाय. बंद न्हाणीघरात लावलेला गॅसचा गिझर याच कारणाने शेगडीपेक्षाही अधिक जपण्याची वस्तू आहे. तो न्हाणीघराबाहेर, वाहत्या हवेत बसवावा. आधी पाणी काढून घ्यावे, गिझर बंद करावा आणि मग आंघोळीला बसावे.

वास आलाच तर

वास येताच क्रम ठरलेला असावा, म्हणजे घाबरून हात चुकीच्या जागी जात नाही. जळती शेगडी, दिवा, उदबत्ती विझवावी. रेग्युलेटर बंद करावा. जमल्यास तो काढून टाकीच्या तोंडावर दोरीला बांधलेले झाकण दाबून बसवावे. दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये. पंखा तर नाहीच. मुलांना व वृद्धांना आधी बाहेर काढावे. जुन्या पेठेत भिंतीला भिंत असल्याने शेजाऱ्यांनाही लगेच सांगावे. बाहेर, मोकळ्या जागेत गेल्यावरच फोन हाती घ्यावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. आग लागल्यास १०१ किंवा ११२. हे क्रमांक मोबाइलमध्ये असून भागत नाही. स्वयंपाकघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत, म्हणजे घरी एकट्या असलेल्या आजीलाही ते दिसतील.

कोणी भाजलेच तर भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे साधे गार पाणी सोडावे. बांगड्या, अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. हळद, शाई, टूथपेस्ट, तूप यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ सुती कापडाने झाकून रुग्णालयात न्यावे. अंगावरील कपड्यांनी पेट घेतला असेल तर धावू देऊ नये. जमिनीवर आडवे करून जाड सुती चादर किंवा घोंगडी लपेटावी.

आणखी एक गोष्ट व्यवहाराची. तेल कंपन्यांच्या नोंदणीकृत ग्राहकांना गॅसमुळे झालेल्या अपघातासाठी विम्याचे संरक्षण असते आणि त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागत नाही. मृत्यू झाल्यास प्रत्येक व्यक्तीमागे ६ लाख रुपये, उपचारासाठी प्रत्येक व्यक्तीमागे कमाल २ लाख आणि नोंदणी असलेल्या घरातील मालमत्तेच्या हानीसाठी कमाल २ लाख, अशी तरतूद आहे. अपघात घडताच गॅस वितरकाला लेखी कळवावे. दर पाच वर्षांनी होणारी शेगडी-नळीची तपासणी टाळू नये आणि तिची पावती वह्यांबरोबर जपून ठेवावी. दुकानाचा विमा प्रतिवर्षी आठवणीने भरणाऱ्या अनेक घरांना या विम्याची वार्ताही नसते.

अर्थात कोणताही विमा गेलेले माणूस परत देत नाही. घर राखते ते शेगडीपाशी उभ्या राहणाऱ्याचे लक्ष. मग ती सून असो, मुलगा असो वा सुटीत चहा करायला शिकणारी नात. नव्या पिढीला लायटर हाती देताना त्यासोबत वाकून पाहण्याची सवयही द्यावी. पुंजणी फिरवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ओट्यावरची मुंगी वाचते, नळीला पडलेली चीर दिसते, उघडे राहिलेले बटण हाताला लागते आणि जमिनीलगतचा वास नाकापर्यंत पोहोचतो. लहान जिवासाठी शिकविलेला तो सावधपणा साऱ्या कुटुंबाचे रक्षण करतो. तेवढे झाले की मग शेगडी खुशाल पेटवावी.